कोंडाजीची शिवी फ्रेंचमध्ये

शरदचंद्रांना मिळणार होतं ते असं: सहा महिने फ्रान्स, खर्च ते ज्यात अधिकारी होते त्या कारखान्याचा, आणि परतल्यावर अंबरनाथात जन्मभर ‘परदेशी जाऊन आलेले’ म्हणून मिरवणं. अडचण एवढीच, की ज्या फ्रेंच इंजिनिअरच्या शिफारशीवर सगळं अडलेलं, त्याला इंग्रजी येत नव्हतं.

मग पुतणी आठवली. कुमुदिनी मुंबईच्या कॉलेजात बी.ए.ला इतिहास आणि फ्रेंच शिकत होती. “एक मेलेल्यांचं, एक परक्यांचं. घरच्यांना उपयोग काय?” असं काका तीन वर्षं विचारत आले होते. आता म्हणाले, “कुमुद, पाहुण्याला नीट फिरव. एम.ए.चं माझ्याकडे लागलं.” वडील नसलेल्या मुलीला एम.ए. हवं होतं, आणि काकांशिवाय ते होणार नव्हतं.

शिवमंदिर दाखवून झालं. बाहेर कोंडाजी भेटला. त्याची भाताची खाचरं काकांच्याच हातून कारखान्यात गेली होती. मुलगा रघू तिथेच हंगामी कामगार. काका दिसले की कोंडाजी शिव्या द्यायचा, काका हसून पुढे जायचे. वर्षानुवर्षांचा रिवाज.

“आला का कोटवाला! आंगठा आदी घेतलास, कागूद मंग वाचलास. भाताच्या जागी धुराडं लावलंस. तोंडात किडं पडतील तुज्या!”

पाहुण्याने विचारलं, म्हातारा काय म्हणतो?

“सांग, आशीर्वाद देतोय,” काका म्हणाले.

कुमुदिनीची कानशिलं तापली. इतिहासाचे सर सांगत, साक्षीदाराचं तोंड दाबू नका. फ्रेंचच्या बाई सांगत, पदरचं घालू नका. एम.ए. गेलं तर गेलं! अंगठा, कागद, किडे, तिने सगळं फ्रेंचमध्ये ओतलं.

पाहुणा खदखदून हसला. कोंडाजीचा फोटो काढला. मेजवानीत कारखान्याच्या मोठ्या साहेबांना (त्यांना फ्रेंच येई) किस्सा रंगवून सांगितला आणि पोरीच्या फ्रेंचची तारीफ केली. म्हातारा कोणाचा बाप ते साहेबांनी काढलं, आणि दुसऱ्या दिवशी रघूला गेटवरच अडवलं. पुन्हा येऊ नकोस.

“शिवी बापाने दिली, भाषांतर मी केलं. रघूचा काय संबंध? जा, सांगा साहेबांना!” कुमुदिनी ओरडली.

“माझी फाइल सहीला गेलीय,” काका टाय आवळत म्हणाले. “तू इतिहास शिकतेस ना? लिहून ठेव.”

ती तणतणत पालेगावला कोंडाजीकडे गेली. त्याने अंगणातही येऊ दिलं नाही.

“तुला कोनी सांगितलं व्हतं गं बाय? माजी शिवी तुजा काका रोज ऐकतो, हसतो, जातो. पोराची रोजी चालू व्हती. गोऱ्याला कलावं म्हनून बोललो व्हतो का मी?”

काका फ्रान्सला गेले. पाहुण्याला किस्सा मिळाला, साहेबांचा रुबाब राहिला. कुमुदिनीला एम.ए. मिळालं, काकांनी शब्द पाळला, पाळायला त्यांचं काय जात होतं? भरलं एकट्या रघूने, आणि तो तर तेव्हा तिथे नव्हताही.