पिवळी खूण

सात ड्रोन एकापाठोपाठ वळले आणि पंपघरामागच्या गॅसवाहिनीच्या एका जोडावर घिरट्या घालू लागले. आठवा कुंपणापाशी भटकत होता. इतरांचा इशारा मिळताच तोही वाऱ्याच्या उलट आला.

"एकाला वास लागला की सगळी भावकी गोळा होते," ड्रोन उडवणारी मुलगी म्हणाली. "गळती इथंच."

तपासनिसाने साबणाच्या पाण्याचा ब्रश जोडावर फिरवला. जोडाच्या तळाशी फुगे आले. फेस पुसल्यावर खाली पिवळा पट्टा दिसला, शेजारी तारीख.

पिवळा रंग त्याचा, निळा त्याच्याबरोबरच तपासनीस असलेल्या मेहुण्याचा. जोडाला साबण लावायचा, फुगे येत नाहीत हे पाहायचं आणि मगच आपल्या रंगाचा पट्टा ओढायचा. एकोणीस वर्षांत त्याने हा क्रम एकदाही चुकवला नव्हता.

तारीख त्याने दोनदा वाचली. त्या दिवशी तो बायकोच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. रजा शिल्लक नव्हती. "दाजी, तुम्ही ताईजवळ बसा," मेहुणाच म्हणाला होता, "तुमची हजेरी आणि तुमचे जोड मी बघतो." पिवळ्या रंगाचा डबा त्याच्या हाती देताना तपासनिसाला भरून आलं होतं.

"खूण कुणाची?" मेहुण्याशेजारी उभ्या साहेबांनी विचारलं.

"पिवळा म्हणजे दाजींचाच," मेहुणा पटकन म्हणाला. मग आवाज उतरवून, "वय झालं साहेब, नजर चुकते. सांभाळून घ्या."

तपासनिसाने ब्रश बादलीत टाकला. मेहुणा बुटाच्या टोकाने खडी उकरत होता.

"साबण तरी लावला होतास का?"

"आता इथं काय काढताय, दाजी!"

कुंपणापलीकडे कुणीतरी दोरीवर कपडे वाळत घालत होतं. घरं तिथून हाकेच्या अंतरावर होती.

"साहेब, त्या तारखेच्या सगळ्या पिवळ्या खुणांवरून ही पाखरं फिरवा," तपासनीस म्हणाला. "त्या दिवशी मी कामावर नव्हतो."

साहेबांनी चष्मा काढला. "हजेरीत तर आहात."

"हजेरीत आहे."

मेहुण्याने त्याचा दंड धरला. "दोघांची नोकरी जाईल. ताईला काय सांगणार?"

तपासनिसाने दंड हळूच सोडवून घेतला आणि बादली उचलली.

ड्रोन पुढे निघाले. दुसऱ्या पिवळ्या खुणेवरून ते सरळ गेले. तिसरीवर आठही थबकले.