बाजारातून थेट प्रक्षेपण

गावाची बस बंद झाल्यापासून यॉर्कशरच्या त्या बाजारात म्युरिएलच्या भाजीकडे कुणी फिरकेना. आज मात्र लंडनहून टीव्हीवाला आला होता आणि त्याने माईक तिच्यापुढे धरला.

प्रश्न पहिला : "पंतप्रधान टिकतील?"

"चांगला प्रश्न आहे. पण लोक मला विचारतात ते बसबद्दल."

प्रश्न दुसरा, तोच.

"मी अगदी स्पष्ट सांगते. बस."

प्रश्न तिसरा : "हो की नाही?"

"आधी मला बोलू तर द्या!"

शेजारचा मासेवाला क्लिफर्ड ओरडला, "अगं, मंत्री झालीस की!"

"तुम्ही उत्तरच देत नाही," टीव्हीवाला वैतागला.

"राजा, तीस वर्षं तुमच्याच मुलाखती बघून शिकले."

प्रक्षेपण थेट, कापायची सोय नाही. शेवटी त्यानेच विचारलं, "बरं, कुठली बस?"

म्युरिएलने पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं.