दिसायला जुनीच

पन्नाशी जवळ आली की माणसाला काहीतरी होतंच. कुणी केस काळे करतो, कुणी धावायला लागतो आणि पहिल्याच आठवड्यात गुडघा धरून बसतो. चष्म्याचं दुकान चालवणारा आपला चष्मेवाला बाथरूमला आतून कडी लावून मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ धो धो सोडलेला असायचा. दाराबाहेरून बायको विचारायची, "अहो, आंघोळ चाललीय की विहीर उपसताय?"

"आलोच!" म्हणून तो डोक्यावर उगाच दोन तांबे ओतून घ्यायचा.

घरची गाडी म्हणजे राखाडी रंगाची, चार दारांची, बऱ्यापैकी जुनी सेडान. सकाळी बायकोला हॉस्पिटलात ड्यूटीला सोडायचं, तिथून दुकान गाठायचं, येताना भाजी आणायची, असा तिचा दिनक्रम होता. डिकीत चष्म्याच्या फ्रेमचे खोके आणि एक मोडकी छत्री कायम मुक्कामाला असत. रस्त्यावर दहा जणांत उभी केली तर खुद्द मालकाला ओळखू येऊ नये, इतकी ती साधी होती. चष्मेवाल्याला मात्र तेच हवं होतं. मागे पंख लावायचे, दारांवर पट्टे ओढायचे, सायलेन्सर असा बदलायचा की सगळी गल्ली दचकून उठावी, हा पोरकटपणा त्याला मान्य नव्हता. त्याचा बेत निराळा होता. ब्रेक सुधारायचे, रस्ता घट्ट धरणारे टायर घालायचे, वळणावर गाडी कलू नये म्हणून खाली जाड बार बसवायचा आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला जरा जाग आणायची. वरून गाडी होती तश्शी दिसली पाहिजे. पोटात वाघ आणि चेहरा मात्र गरीब गाईचा, असं त्याच्या मनात होतं.

हे सगळं कशासाठी? तर रविवारसाठी.

सासूबाई गावाबाहेरच्या टेकडीवर राहायच्या. दर रविवारी दुपारचं जेवण त्यांच्याकडे असे. पायथ्याच्या चौकात मेहुणा आपली नवी कोरी, उंच गाडी घेऊन नेमका त्याच वेळी उगवायचा. शर्यत हा शब्द दोघांपैकी कुणीही कधी उच्चारला नव्हता. पण वर गॅलरीत सासूबाई उभ्या असायच्या, आणि कुणाची गाडी आधी येते ते त्यांना तिथून स्वच्छ दिसायचं. दर वेळी मेहुणाच आधी यायचा. गाडीला टेकून, हाताची घडी घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, "भावोजी, वाटेत डोळा लागला होता का?" वरून सासूबाई हाक द्यायच्या, "या जावईबापू, तो केव्हाचाच आलाय." वर्षानुवर्षं चष्मेवाला हा घास वरणभातासारखा गिळत आला होता. आता त्याला एकदा, फक्त एकदा, आधी पोहोचायचं होतं.

आणि त्याला त्यात अशक्य असं काही वाटत नव्हतं, कारण तो उत्तम ड्रायव्हर होता. निदान गेली काही वर्षं तरी. त्याआधी एकदा पावसात याच चढावरच्या मोठ्या वळणाला त्याची गाडी घसरली होती आणि कठड्याला जाऊन आपटली होती. लागलं कुणाला नाही, पण त्याचे हात मात्र पुढे बरेच महिने स्टिअरिंगवर थरथरायचे. डोळे थकतात, असं सांगून तो बसने जायला लागला होता. चष्म्याच्या दुकानदारानं डोळ्यांची सबब सांगावी यासारखी नामुष्की नाही. मग एके दिवशी बायको म्हणाली, "गाडी सर्व्हिसिंगहून आलीय. जरा कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून बघा." त्यानं मारली. गाडी रस्त्याला चिकटून चालली, पाय ठेवला तिथे थांबली. बायको शेजारून म्हणाली, "हात बसला हो तुमचा." त्या एका वाक्यावर चष्मेवाल्यानं उरलेलं आयुष्य उभं केलं होतं. तेव्हापासून तो दुकानात नंबर काढता काढता गिऱ्हाइकांना गाडी चालवण्याचे धडे द्यायचा. "गाडी हातानं नाही हो, मनानं चालवायची असते," असं तो म्हणायचा. हनुवटी यंत्रात अडकलेली असल्यामुळे गिऱ्हाइकाला पळताही येत नसे.

अडचण एकच होती. गाडीच्या बाहेरची धूळ पुसणं त्याच्याकडे आणि आतलं सगळं बायकोकडे, अशी घरात वाटणी होती, कारण गॅरेज हॉस्पिटलच्याच मागच्या गल्लीत होतं. बायको ऑपरेशन थिएटरात नर्स होती. "आता मुळीच दुखणार नाही हं," असं म्हणेपर्यंत तिची सुई टोचून झालेली असे. "गाडीच्या पोटात तुम्ही हात घालायचा नाही," हा तिचा कायदा होता.

म्हणून एका दुपारी दुकान अर्धं बंद ठेवून तो गाडी घेऊन चोरासारखा गॅरेजात गेला.

मिस्त्री खटपट्या आणि बोलका माणूस होता. पण चष्मेवाल्याला पाहताच तो गप्प झाला आणि एकच पाना फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसू लागला.

"मिस्त्री, एक काम आहे. पण घरी कळता कामा नये."

"अरे देवा," मिस्त्री म्हणाला.

"ब्रेक बदलायचे. चांगले, जोरदार."

"ब्रेक राहू द्या, साहेब."

"बरं, मग टायर?"

"टायर तर मुळीच नको."

"वळणावर कलू नये म्हणून तो जाड बार असतो ना…"

"साहेब, चहा घेता का?"

चष्मेवाल्याचा पारा चढला. "अहो, मी गिऱ्हाईक आहे की भिकारी? धंदा करायचाय की नाही तुम्हाला?"

"करायचाय हो," मिस्त्री रडवेल्या आवाजात म्हणाला. "करूनच बसलोय, तोच तर घोटाळा आहे!" आणि बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

"काय करून बसलात? घ्या गाडी वर. मला खालून बघायचीय."

मिस्त्रीनं नाइलाजानं गाडी लिफ्टवर चढवली. चष्मेवाला मान वर करून खाली उभा राहिला. बाथरूममधल्या इतक्या तपश्चर्येनंतर गाडीचं पोट त्याला घरच्या कपाटासारखं ओळखीचं झालं होतं. वर सगळं मळकं, चिखलानं माखलेलं, ग्रीसनं काळं झालेलं होतं. त्यानं खिशातलं काचा पुसायचं मऊ फडकं काढलं आणि त्यातल्या त्यात मळकट दिसणाऱ्या एका दांड्यावर फिरवलं. चिखल निघाला. खालून लालभडक रंग हसला. व्हिडिओत पाहिलेला तोच जाड बार होता. मग त्यानं ब्रेकच्या नळ्या पुसल्या, त्या चकाकल्या. टायरच्या कडेचा डाग खरवडला, तर जी जात त्यानं मनोमन पसंत केली होती, तिचंच नाव खाली निघालं.

"हे कधी झालं?"

"तुम्ही बसने जात होता ना, तेव्हा. पुढे टायर झिजले की वहिनी तसलेच घालून घेतात. फक्त म्हणाल्या, चकाकायला नको, दिसायला जुनंच दिसलं पाहिजे. प्रत्येक सर्व्हिसिंगला मी स्वतः चिखल लावतो, साहेब. ग्रीसमध्ये कालवून. म्हणजे टिकतो." स्वतःच्या कलाकुसरीबद्दल बोलताना मिस्त्रीच्या आवाजात थोडा अभिमान आलाच.

चष्मेवाला तिथल्या एका जुन्या टायरवर बसला. आधी त्याला संताप आला. मग दुकानातली यंत्रात हनुवटी अडकलेली ती सगळी गिऱ्हाइकं आठवली आणि कानशिलं तापली. मनानं चालवतो म्हणे! मन कसलं, लाल दांडा होता तो. जगाचे नंबर काढणाऱ्याला स्वतःच्या बुडाखालचं काही दिसलं नव्हतं. त्याला खूप वाईट वाटलं. अगदी रडू येईल इतकं.

"एक राहिलंय, साहेब," मिस्त्री चाचरत म्हणाला. "इंजिनाचा कॉम्प्युटर. ते वहिनींनी नको सांगितलं होतं. म्हणाल्या, त्यांना धीर येईल तेवढंच करा. गाडी नीट थांबली, नीट वळली, की बास. पळायचं त्यांचं ते बघतील. करू का आता?"

रविवार जिंकायला तेवढंच तर हवं होतं. चष्मेवाला बराच वेळ फडक्याची घडी घालत आणि मोडत बसला. धीर येईल तेवढंच, हे शब्द काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईनात.

"नको," तो म्हणाला. "आणि पुसलंय तिथे परत चिखल लावा."

रविवारी निघताना त्यानं किल्ली बायकोपुढे धरली. "आज तू चालव. माझा खांदा धरलाय."

तिनं एकदा त्याच्या खांद्याकडे आणि एकदा तोंडाकडे पाहिलं आणि किल्ली घेतली. चौकात मेहुणा नेहमीप्रमाणे मागून आला आणि हॉर्न वाजवून पुढे सटकला. चढाला मेहुण्याची गाडी सरसर निघाली. मग मोठं वळण आलं. इथे मेहुण्याच्या उंच गाडीचे मागचे दिवे लाल झाले, ती एका अंगाला कलली आणि रेंगाळली. चष्मेवाल्याचा उजवा पाय सवयीनं नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला. गेली इतकी वर्षं आपण इथे येऊन रांगत होतो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. बायकोनं मात्र वेग जवळजवळ तसाच ठेवला आणि गाडी रुळावरून जावी तशी वळण काढून गेली. पुढे रुंद, मोकळा रस्ता होता. तिनं मेहुण्याला शांतपणे, उजवीकडे वळायचा दिवा, मग डावीकडे वळायचा दिवा, सगळं रीतसर दाखवून, मागे टाकलं.

"बाई गं!" गॅलरीतून सासूबाई ओरडल्या. "आज तुम्ही आधी? तो कुठेय? पंक्चर झाला का?"

बायकोनं इंजिन बंद केलं. मेहुण्याची घरघर अजून खालीच होती. चष्मेवाला समोर बघत म्हणाला, "हात बसला हो तुझा."

बायकोचा किल्लीवरचा हात तसाच राहिला. "मिस्त्रीच्या पोटात काही म्हणून राहत नाही," ती म्हणाली.

"राहिलं होतं की इतकी वर्षं. मीच पुसून काढलं."

"रागावलात?"

"रागावलो होतो. गाडीनं पार नाक कापलं माझं." त्यानं नाकावरचा चष्मा उगाच सारखा केला. "पण त्या वेळी तू हे केलं नसतंस, तर मी अजून बसच्या रांगेत उभा असतो."

तेवढ्यात मेहुणा धापा टाकत आला, जणू गाडी ढकलतच आणली होती. "ताई, कसं काय? गाडीला काय केलंत तुम्ही?"

"कुठं काय?" बायको म्हणाली. "बघ की, आहे तशीच आहे."

मेहुणा गाडीभोवती एक चक्कर मारून आला, वाकून खाली डोकावला आणि चिखल बघून नाक मुरडत जेवायला गेला.

संध्याकाळी परतताना तिनं किल्ली त्याच्या हातात ठेवली. "खांदा बरा झालाय, दिसतंय मला," एवढंच म्हणाली. उतारानं गाडी खाली निघाली. वळण दिसलं, तसा त्याचा पाय ब्रेककडे सरकला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानं ब्रेक लावला. लावलाच, पण नेहमीपेक्षा बराच उशिरा.

"अजून वाव आहे," बायको खिडकीकडे बघतच म्हणाली.