चेन बदलली, ताई

मोठ गाव अजून थोडं पुढे असतानाच इंजिनाने खाकरल्यासारखं केलं, सायलेन्सरमधून एक बार काढला आणि अँबॅसडर भर रस्त्यात थांबली. डॉक्टर कमलिनीने पुन्हा पुन्हा चावी फिरवून पाहिली. स्टार्टर फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. रेडिएटरच्या मागून मात्र ती जुनी, ओळखीची खडखड ऐकू येत होती. गेल्याच आठवड्यात ती कायमची गेली, असं तिला सांगण्यात आलं होतं.

मागच्या सीटवर श्रीकृष्ण बसला होता. त्याची बायको चंपा टहरौली गावात आदल्या संध्याकाळपासून बाळंतपणात अडली होती आणि तो पहिल्या बसने झाशीला येऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन निघाला होता.

"अब का हुइए, डाक्टरनी जी?" त्याने विचारलं.

कमलिनी खाली उतरली. बॅग उचलून ती रस्त्याच्या मध्ये उभी राहिली आणि मोठच्या बाजाराकडे गहू घेऊन निघालेला ट्रक तिने अडवला. तिथून पुढे एक ट्रॅक्टर मिळाला. टहरौलीत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. चंपा वाचली. पोरगा जन्माला आला तोच निपचित, आणि कमलिनीने बराच वेळ खटपट करूनही त्याने श्वास घेतला नाही.

वेळेवर पोचलो असतो तर तो जगलाच असता, असं ती छातीठोकपणे सांगू शकत नव्हती. तिचा संताप त्यामुळे कमी झाला नाही, उलट वाढला. आता ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

ही गाडी लाखावर मैल पळलेली. तिची टायमिंग चेन सैल झाल्याचं सीपरी बाजारातल्या गॅरेजवाल्या दत्तात्रेयनेच ओळखलं होतं. "आत दोन दातेरी चाकं असतात, ताई," त्याने समजावलं होतं, "त्यांच्यावर ही चेन चालते. ढिली पडून एखादा दात सरकली की सगळं तंत्र बिघडतं. गाडी रस्त्यात दगा देईल." आठ दिवसांनी त्याने किल्ली हातात ठेवली होती. "चेन बदलली, ताई. आता निर्धास्त जा." जुनी चेन दाखवा म्हटल्यावर, भंगारवाल्याने नेली म्हणाला होता. तरीही खडखड थोडी उरलीच होती. "नवी आहे, बसायला वेळ घेते," असं त्याचं म्हणणं. झाशीत मराठी घरं किती उरली आहेत? त्यातला हा माणूस, गणपतीच्या मंडपात शेजारी बसणारा. तिने विश्वास ठेवला.

ट्रकने ओढून आणलेली गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हा कमलिनीही तिथेच उभी होती.

"माझ्यासमोर उघडा," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही कशाला तिष्ठत बसता? संध्याकाळपर्यंत बघून..."

"आत्ता. मी कुठे जात नाही."

रेडिएटर उतरला, पुढची पुली निघाली, मग झाकण निघालं. झाकणाला बाहेरून ताजा काळा रंग मारलेला होता. आतली चेन बोटाने दाबली की झोपाळ्यासारखी लोंबत होती, तिच्या कड्या घासून चकचकीत झाल्या होत्या. दोन्ही चाकांवरच्या खुणा समोरासमोर असायला हव्यात, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. त्या एका दाताने चुकल्या होत्या.

"ही नवी?"

दत्तात्रेय हात पुसत राहिला. "कानपूरहून माल आलाच नाही, ताई. तुमची घाई होती. म्हटलं, साफ करून घालू, महिना-दोन महिने सहज चालेल. मग आली की गुपचूप बदलून टाकली असती."

"चालेल की नाही, हे तुम्ही ठरवलंत. मला नुसतं सांगितलं असतंत तर मी बसने गेले असते."

"चुकलं."

तो शब्द त्याने इतक्या सहज उच्चारला की तिच्या अंगाची लाही लाही झाली. पोलिसात जावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण तिथे नुसती गाडी बिघडल्याची नोंद होईल, हेही तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दत्तात्रेयची आई कमळाबाई दवाखान्यात आली. रुग्ण बाकावर बसलेले असताना तिने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, झालं ते झालं. चार घरं आपली. बाहेर बोभाटा करू नकोस. लेकराच्या नशिबात नव्हतं."

"नशिबाचं नाव घेऊ नका, काकू," कमलिनी म्हणाली. "नशिबाने झाकणाला रंग मारला नव्हता. मी बोभाटा करणार नाही. त्यानेच बोलायचं. चेन बसवायची आणि माझ्याबरोबर टहरौलीला यायचं."

"तिथे त्याला मारतील."

"मी असेन."

चेन कानपूरहून आली. जोडीला नवी चाकंही आली. कमलिनीने स्टूल ओढून घेतलं आणि खुणा जुळेपर्यंत तिथून हलली नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा खडखड नव्हती. दत्तात्रेयने तिच्याकडे पाहिलं, जणू आता तरी ती हसेल. ती म्हणाली, "बसा."

टहरौलीत चंपा ओसरीवर खाटेवर पडली होती, श्रीकृष्ण पायथ्याशी बसला होता. दत्तात्रेय उभाच राहिला. अडखळत, खाली बघत, त्याने हिंदीत सगळं सांगितलं. जुनी चेन, खोटं बोलणं, रस्त्यात बंद पडलेली गाडी, सगळं. श्रीकृष्ण उठला. कमलिनी एक पाऊल पुढे झाली. पण तो अंगणात जाऊन पाठ फिरवून उभा राहिला, इतकंच.

चंपाने मान वळवली. "जब पतो हतो, तो कही काए नईं?" माहीत होतं, तर सांगितलं का नाही, एवढंच तिने विचारलं.

चंपा दत्तात्रेयच्या उत्तराची वाट पाहत राहिली. शेवटी तिने डोळे मिटून घेतले.

कमलिनीने तिची नाडी पाहिली, ताप पाहिला, गोळ्या कशा घ्यायच्या ते श्रीकृष्णाला अंगणात जाऊन दोनदा समजावलं. परतताना दत्तात्रेय गाडीचं दार धरून म्हणाला, "ताई, आता मन हलकं झालं."

"तुमचं," ती म्हणाली. "तुमचं मन हलकं करायला मी तुम्हाला आणलं नव्हतं. मोठपर्यंत सोडते. तिथून बसने या."

मोठच्या बाजारात तिने त्याला उतरवलं आणि कानपूरहून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत शिरून ती एकटी झाशीकडे निघाली.