टवका उडालेला खल

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. स्वभावाने थोडा तिखट आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. एका पाथरवटाने छिन्नीने ठोकून ठोकून मला घडवलं, आतून घासून गुळगुळीत केलं आणि बाजारात उन्हात मांडून ठेवलं. शेजारी माझा जोडीदार बत्ता होता. तो लांबट, मी बसका. दिवसभर आमची ठोकाठोकी चालते, पण भांडण म्हणाल तर आजवर एकदाही झालेलं नाही.

आम्हाला विकत घेतलं ते आत्याने. ती खरं तर एकाच भाचीची आत्या, पण पुढे सगळी गल्लीच तिला आत्या म्हणू लागली. तिचं काम काजं करण्याचं. शिंप्यांकडून शिवलेले सदरे आणि कोट तिच्याकडे यायचे आणि ती खिडकीशी बसून बटणांची काजं हाताने करायची. तिचे टाके इतके सारखे असायचे, की लोकांना ते यंत्राचेच वाटायचे. तसं कुणी कौतुकाने म्हटलं, की आत्याचा पारा चढायचा.

हातातलं काम संपलं की ती माझ्याकडे वळायची. लसूण, मिरी, जिरं, सगळ्यांची माझ्याकडे ये-जा होती. पण खरी दोस्ती सुक्या लाल मिरच्यांशी. त्या कुटायला घेतल्या की शेजारचे खोकत खिडक्या लावायचे, मांजर घराबाहेर धूम ठोकायचं आणि आत्या नाक पुसत हसत बसायची. वर्षानुवर्षं हेच चाललं, त्यामुळे तिखट माझ्या अंगात मुरलं. घासा, धुवा, उन्हात ठेवा, जायचं नाव घेत नाही.

भाची लहान होती तेव्हा तिला मला उचलायची हौस आली आणि तिने मला फरशीवर आपटलं. माझ्या काठाचा टवका उडाला. ती भोकाड पसरून रडली, पण आत्या म्हणाली की बरं झालं, अंगठा ठेवायला जागा झाली. आणि खरंच, त्यानंतर मला धरताना तिचा अंगठा नेमका त्या टवक्यावर यायचा. जरासं खुपायचं. "टोचतोस का रे मेल्या?" असं मला विचारायची आणि कुटायला लागायची. तेवढं ऐकल्याशिवाय माझ्या दिवसाला चव येत नसे.

पुढे आत्याला कर्करोग झाला. ते दिवस मी लांबवून सांगत नाही, कारण त्यांचा शेवट चांगला झाला. केमो घेऊन घेऊन रोग गेला, गेलेले केस परत आले, तेही चक्क कुरळे. गल्लीने आनंद साजरा केला. पण त्या जालीम औषधाने जाता जाता तिच्या हातापायांच्या नसा दुखावून ठेवल्या होत्या. बोटांत सतत मुंग्या यायच्या, आग व्हायची, कुणीतरी सुया टोचत असल्यासारखं वाटायचं. गार भांड्याला हात लागला की कळ थेट कोपरापर्यंत जायची. ऐन उन्हाळ्यातही ती घरात लोकरी हातमोजे घालू लागली.

हाताला वरून काहीच दिसत नव्हतं, हीच पंचाईत. येणारे-जाणारे म्हणायचे, आता तर किती छान दिसतेस, अजून काय दुखतंय? आत्या हसून विषय बदलायची. ते गेले की ती सुईत दोरा ओवायला बसायची, सुई पुन्हा पुन्हा बोटांतून निसटायची आणि शेवटी एक दिवस तिने सुयांची डबी फडताळात ठेवून दिली. गार दगड तिला धरवेना, म्हणून डबीच्या शेजारी मीही गेलो. फडताळात मला फार वाईट वाटलं. धूळ बसली म्हणून नव्हे, तिचा अंगठा येत नव्हता म्हणून.

भाची तोवर मोठी होऊन प्रयोगशाळेत लागली होती. झाडपाल्यातले गुणकारी घटक वेगळे काढायचे आणि ते कशावर चालतात ते पाहायचं, हे तिचं काम. आत्या तिला 'डॉक्टरीण' म्हणायची, जरी तिने कुणाची नाडीसुद्धा कधी पाहिलेली नव्हती. आत्याच्या हातांची अवस्था पाहून तिने मिरचीचा ध्यास घेतला. जिभेला झोंबणारा मिरचीतला घटक अगदी मोजून मापून मलमात घालून कातडीला लावला, तर दुखण्याची वर्दी देणाऱ्या नसा आधी चवताळतात आणि मग थकून गप्प होतात, असं ती आत्याला समजावून सांगत होती. आत्या म्हणाली, मग मी सरळ मिरचीच चोळते की. भाचीने कपाळाला हात लावला. माप चुकलं तर कातडी भाजून निघेल, थोडी कळ काढ, असं बजावून ती गेली. हे मलम रुग्णांवर तपासून पाहायची चाचणी ठरली; आत्याला तीत भाग घ्यायचा होता, पण नात्यातल्या माणसाला घेत नाहीत म्हणे. चाचणी यशस्वी झाली तरच तिला मलम मिळणार होतं.

चाचणीसाठी दोन मलमं लागत होती. एकात औषध, दुसरं नुसतंच साधं, आणि कोणाला कोणतं मिळालं हे लावणाऱ्यांना ठाऊक नाही. साध्या मलमाला औषधाचा कणही लागता कामा नये, म्हणून भाचीला अगदी वेगळं भांडं हवं होतं, प्रयोगशाळेत कधीच न आलेलं. आणि तिला कोण आठवलं? मी! तिने मला फडताळातून काढलं, उकळत्या पाण्यातून काढलं, वाळवलं आणि पांढऱ्या स्वच्छ टेबलावर नेऊन ठेवलं. चकचकीत काचेच्या नळ्यांमध्ये मी फुगून बसलो होतो. मला कुणी काही विचारलं नाही, आणि माझं तोंड एवढं मोठं असलं तरी बोलायच्या कामाचं नाही. तिने कोमट तेल आणि मेण माझ्यात ओतून बराच वेळ घोटलं. दगडात मुरलेला सगळा झणका तेलाने अलगद ओढून घेतला.

चाचणी झाली. औषधाने आराम पडला, आणि साध्या मलमानेही जवळजवळ तेवढाच पडला. प्रयोगशाळेचे मोठे सर चष्मा काढून हळू आवाजात म्हणाले, "साधं मलम इतकं चालत असेल, तर आपल्या औषधात काही राम नाही. थांबवू या हे."

भाचीचा चेहरा पडला. आता आत्याला काय सांगायचं, या विचारात तिने माझ्या तळाशी राहिलेलं साधं मलम बोटाने निपटून काढलं. डोळ्यात पाणी आलं, ते तिने त्याच बोटाने पुसलं. आणि पुढच्या क्षणी किंकाळी फोडून ती नळाकडे धावली!

डोळा धुता धुता ती एकदम थांबली. साधं मलम झोंबेल कसं? लालबुंद डोळा मिटून, दुसऱ्या डोळ्याने तिने माझ्याकडे पाहिलं. "आत्याच्या मिरच्या," ती म्हणाली आणि हसत सुटली. मोठे सर धावत आले. स्वतः खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची सवय. त्यांनी मलमाचा कण जिभेला लावला आणि मग तेही नळाकडे गेले. पुढे तपासणीच्या यंत्रानेही साध्या मलमात मिरची असल्याचंच सांगितलं. जगात इतकी भांडी होती, पण मिरचीपासून दूर ठेवायचं मलम घोटायला डॉक्टरीणबाईंनी नेमकं मलाच निवडलं होतं.

सगळी चाचणी नव्या काचेच्या भांड्यात पुन्हा झाली. या वेळी साध्या मलमाने फारसं काही केलं नाही. औषधाने केलं. सगळ्यांना नाही, पूर्णपणे नाही, पण बऱ्याच जणांना गुण आला. चाचणीतल्या एका आजोबांनी पायांची आग थांबल्यावर पुन्हा बूट घातले आणि ते सगळ्यांना दाखवत फिरले. मला मानाने घरी पाठवलं गेलं, आणि आत्याच्या डॉक्टरांनी तिलाही मलम लिहून दिलं. सुरुवातीला हात असे पेटायचे, की ती मिरचीच्या आणि भाचीच्या नावाने एकत्रच बोटं मोडायची. मग हळूहळू आग निवली. एकदा हातमोजे वाळत घातले, ते दोरीवरच राहिले. सुयांची डबी बाहेर आली. पहिलं काज वाकडं झालं. आत्या म्हणाली, आता हे यंत्राचं आहे असं कुणी म्हणणार नाही.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मिरची चोळून घरच्या घरी वैद्य होऊ नका, ते मापाचं काम जाणत्यांवर सोडा. आम्हा जुन्या भांड्यांना घासूनपुसून जपा. आणि कुणी दुखतंय म्हटलं, तर हात वरून कितीही बरा दिसला तरी त्याचं खरं माना.

त्यानंतर एका सकाळी भाची घरी आलेली असताना आत्याने फडताळ उघडलं आणि मला उघड्या हातांनी उचललं. मी गारच होतो. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. तिने हात मागे घेतला नाही. अंगठा चाचपडत काठावरून फिरला आणि टवक्यावर येऊन थांबला.

"टोचतोस का रे मेल्या?" ती म्हणाली. मग ती भाचीकडे वळली. "अगं, टोचतोय. पण एकाच जागी टोचतोय."

दोघी हसता हसता रडल्या. मग आत्याने नाक पुसलं आणि मिरच्यांचा डबा पुढे ओढला.