टपाल बंद

आमच्या लेकीने अकरावीला ऐच्छिक विषय म्हणून सांस्कृतिक मानवशास्त्र घेतलं ते काही हौसेने नाही. चित्रकलेच्या जागा भरल्या होत्या. वर्गात मोजकी मुलं, तीही अशीच इकडून तिकडून ढकललेली. पण बाई फार चांगल्या मिळाल्या. पोरगी घरी आली की दप्तर खाली ठेवायच्या आधी सुरू व्हायची. कुठल्या बेटावर मामाचा मान बापापेक्षा मोठा, कुठे नातवाने आजीची वाट्टेल ती चेष्टा केली तरी चालते. मी भाजी निवडता निवडता ऐकायची. देवाने माणसं किती तऱ्हांनी घडवली आहेत, ऐकून बरं वाटायचं.

एक दिवस दारातूनच ओरडली, "आई, आपल्या घरात टाळण्याचं नातं आहे!"

"काय आहे?"

"टाळण्याचं नातं. कित्येक लोकांत जावई सासूशी समोरासमोर बोलत नाही, मध्ये कुणीतरी लागतं. भांडण म्हणून नाही, मान म्हणून. बाबा आणि काका अगदी तसेच!"

"त्यांचं मान म्हणून नाही गं बाई. ते भांडण म्हणूनच आहे."

"तुला नाही कळणार. तू आतली आहेस. आतल्या माणसाला दिसत नाही."

"आणि तू बाहेरची का?"

"या आठवड्यापुरती," ती म्हणाली, आणि पेन उघडून बसली.

आमचं काचेचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, आणि माळ्यावर भाऊजींची खोली. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, एकटेच. खिडक्यांच्या काचा, आरसे, दुकानांची दर्शनी तावदानं, सगळं दोघं मिळून करतात. हे माप घेणार, भाऊजी हिऱ्याच्या टोकाची हिरकणी फिरवून कापणार. कधीतरी एक मोठा आरसा बोटभर कमी पडला. माप चुकलं की काप चुकला, यावरून जे वाजलं त्यानंतर दोघांनी एकमेकांशी अबोला धरला. आज विचारलं तर आरसा कुणाचा होता हेही दोघं वेगवेगळं सांगतात.

पण कामाला बोलावं तर लागतंच. मग मध्ये आमची लेक. "तुझ्या काकाला सांग, कडा घासून घे." "तुझ्या बाबांना सांग, घासल्यात." दोघं हातभर अंतरावर उभे, आणि ही मध्ये इकडून तिकडे मान वळवतेय. भाऊजी तिला 'टपाल'च म्हणतात. ती शाळेत गेली की ते काम माझ्याकडे. फक्त सकाळचं मला जमत नाही. आंघोळ झाल्यापासून देवापुढे अध्याय वाचून होईपर्यंत मी बोलत नाही. माहेरचा नेम आहे, अजून मोडलेला नाही. तेवढा वेळ घरातली कामं मुक्यानेच.

बाईंनी वर्गातल्या सगळ्यांना एक आठवडा घरातलं वागणं नुसतं बघायला सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी दुपारी भाऊजी हात पुसत आले.

"टपाल, बाबांना सांग, पुढच्या महिन्यापासून मी काचेच्या कारखान्यात जातोय. बोलणं झालंय."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. लेकीचाही चेहरा उतरला, पण लगेच तिने मान ताठ केली.

"काका, आठवडाभर टपाल बंद. मी निरीक्षक आहे. माझ्यामुळे काही घडायला नको."

"अगं, घडतंय ते माझ्यामुळे. तू फक्त सांगायचंस."

"तेच तर नाही करायचं."

भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, मग तुम्ही सांगा."

"कांदे आणा, काच आली, गाडी लागली, हे सगळं सांगेन मी," मी म्हटलं. "हे नाही सांगणार. जायचं असेल तर भावाला तुमच्या तोंडाने सांगून जा."

ते तडक माळ्यावर गेले. मी देवाला एवढंच म्हटलं, की भाऊजींचं जाणं टळू दे. ह्यांना दुसरा कारागीर मिळेल. दुसरा भाऊ कुठून आणू?

त्या आठवड्यात मी पूजेत किंवा स्वयंपाकात असले की दुकानात जी मुकी धमाल चालायची, ती काय सांगू! हे हवेत माप दाखवायचे, भाऊजी भलतंच समजून मान डोलवायचे. एकदा ह्यांनी भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "कुणीतरी काच उचलायची रबरी पकड आणली तर बरं होईल." भाऊजींनी ती भिंतीलाच टेकवून ठेवली. लेक कोपऱ्यात बसून भराभर लिहीत होती.

आठवडा संपायला आला तेव्हा एका कापडदुकानाचं मोठं तावदान न्यायला गाडी आली, ती नेमकी सकाळी. माझा अध्याय व्हायचा होता. दोघांनी दोन टोकांना धरून काच उचलली. हे उलट्या पावली दाराकडे निघाले, भाऊजी पुढे तोंड करून. एरवी लेक मध्ये चालायची, "बाबा, हळू, बाबा, डावीकडे" म्हणत. आज ती स्टुलावर.

दाराबाहेर पायरी आहे. आणि त्या पायरीवर गाडीवाल्याने काचेखाली घालायची घोंगडी टाकली होती, पायात येईल अशी.

"टपाल, त्यांना सांग, मागे बघा," भाऊजी म्हणाले.

लेकीचं पेन थांबलं. ती हलली नाही.

"अगं सांग!"

हे आणखी एक पाऊल मागे. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नेम बिम विसरून तोंड उघडलं. देव रागावणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण शब्द फुटायच्या आत भाऊजी असे ओरडले की समोरचा चहावाला बाहेर आला.

"दादा! थांब! पायरी!"

हे जागच्या जागी थांबले. टाच हवेत. काच थरथरली आणि स्थिर झाली. दोघं काचेच्या दोन टोकांवरून एकमेकांकडे बघत राहिले.

"इतक्या वर्षांनी तोंड उघडलंस," हे म्हणाले, "ते 'पायरी' म्हणायला?"

"मग काय पडू द्यायचं होतं तुला?"

"घोंगडी कुठल्या शहाण्याने टाकली?"

"मी नाही! प्रत्येक गोष्ट मीच करतो का?"

"अहो, काच आधी चढवा," गाडीवाला काकुळतीने म्हणाला, "मग भांडा!"

काच चढली, दोऱ्या बांधल्या, गाडी गेली. दोघं पायरीवरच उभे. भाऊजी हातमोजे काढता काढता म्हणाले, "दादा, आणखी एक सांगायचंय. मी कारखान्यात जातोय. पुढच्या महिन्यापासून."

ह्यांनी हात झटकले. मग म्हणाले, "तिथे काच यंत्र कापतं. तू काय करणार, यंत्राला वारा घालणार?"

"तिथे माणसं बोलतात तरी."

मी आत उभी होते. लेकीने माझा पदर घट्ट धरला होता.

"मग बोलू की," हे खाली बघत म्हणाले. "विषय काढ."

भाऊजींना हसू आवरेना. "असा कसा विषय काढू? माणसाला आपोआप सुचावं लागतं!"

"तुला नाही सुचत तर माझ्यावर का ओरडतोस?"

आणि दोघं आत आले ते बोलतच. कारखाना किती लांब, पगार किती, त्यात जेवण धरलंय का, आणि मग घसरत घसरत तो बोटभर कमी पडलेला आरसा. लेक हिरमुसून माझ्याजवळ आली. "आई, माझा विषयच मोडला. आता मी काय सादर करू?" मी अजून मुकीच. तिच्या केसांवरून हात फिरवला आणि अध्यायाला बसले.

बाईंनी तिचं सगळं वाचलं म्हणे, आणि खूप हसल्या. म्हणाल्या, तू बाजूला बसून नुसतं बघत होतीस असं तुला वाटतं, पण त्या घरात तू गप्प बसलीस यापेक्षा मोठी ढवळाढवळ कुणी केली नसेल. "सहभागी निरीक्षण शिकवलं होतं गं, त्यातला पहिला शब्द कुठे ठेवलास?" गुण मात्र चांगले दिले.

भाऊजींनी कारखान्याला काय कळवलं ते मी विचारलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सकाळी मी देवाजवळ फुलं मांडत होते. कान मात्र माळ्याच्या जिन्याकडे. पावलं उतरली. बाहेरच्या दाराकडे गेली नाहीत, दुकानात वळली.

"दादा, जरा सरक. उजेड अडतोय."

"तूच सरक," हे म्हणाले.