अंगठ्याएवढे डाग

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. एक फळी उचकटलेली, दोन खिळे गंजलेले; पण कुरकुर करावी असं माझं काही नाही. सुताराने मला घडवलं सफरचंदांसाठी. नशिबाने आलो नाशपतींच्या वाट्याला, आणि बरंच झालं!

फळांच्या दुकानामागे एक गार, अंधारी खोली आहे. तिथे माझ्यात वाळलं गवत पसरून नाशपती पिकत ठेवतात. येतात तेव्हा हिरव्या, तुरट आणि दगडासारख्या टणक. बुरशीचे कण बागेतूनच त्यांच्या सालीवर बसून आलेले असतात. पण कच्च्या फळापुढे बुरशीची डाळ शिजत नाही. साल घट्ट, गर तुरट, शिरणार कुठून? मग फळ पिकतं, मऊ होतं, गोड होतं, आणि बुरशीला आयतीच मेजवानी! पिकल्या फळाला एवढासा मार बसला, तरी दोन दिवसांत तिथे तपकिरी डाग.

दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांना त्यांची सून मामंजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मामंजी रोज संध्याकाळी एकेक फळ देठाजवळ अंगठ्याने दाबून बघायचे. "माझा अंगठा सांगेल तेव्हाच माल बाहेर!" असा त्यांचा तोरा. फळं जरा करकरीत असतानाच विकली जायची, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही.

मग सूनबाईने इस्पितळाच्या स्वयंपाकघराची मागणी मिळवली. चावता न येणाऱ्या रुग्णांसाठी अगदी मऊ फळं हवी होती. तिने मिळवलेलं हे पहिलंच काम, बिचारी हरखून गेली. फळं दोन दिवस जास्त ठेवली, आणि पहिल्याच खेपेला निम्मी सडकी निघाली. दुसऱ्या खेपेलाही तेच. स्वयंपाकघराच्या बाईंनी निरोप धाडला, "आता पुन्हा असं झालं, तर आम्ही दुसरीकडून घेऊ."

मामंजी कडाडले, "लक्ष कुठे असतं तुझं? गवत ओलं घातलंस ना?"

"नाही हो मामंजी, चांगलं वाळवून घातलं होतं."

"मग फळं काय आपोआप सडली?"

माझा नुसता जळफळाट झाला. मला सगळं दिसत होतं हो, पण खोक्याला कुठलं तोंड!

सूनबाई रडत बसली नाही. परत आलेली फळं तिने ओळीने मांडली. प्रत्येकावर देठाजवळ एक गोल डाग. तिने त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. डाग मोठा होता. ती काय ते समजली, पण सांगायला जीभ रेटेना. बराच वेळ घुटमळली आणि शेवटी म्हणाली, "मामंजी, जरा तुमचा अंगठा ठेवता का इथे?"

त्यांनी ठेवला. चपखल बसला. दुसऱ्या फळावर, तिसऱ्यावरही. मामंजींचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं, पण मी जन्मभर असंच दाबत आलो!"

"तेव्हा ती कच्ची असायची. कच्चं फळ सोसतं. पिकलेल्याला आतून मार बसतो, आणि बुरशी तिथूनच शिरते."

तिसऱ्या खेपेला मामंजींनी हात पाठीमागे बांधून घेतले. देठाशी नाक नेऊन वास घ्यायचा, हे ते या वयात शिकले, तेही सुनेकडून! इस्पितळात मला स्वतः उचलून घेऊन गेले. बाईंनी एकेक फळ उलटून पाहिलं. डाग कुठेच नव्हता. त्या खूश होऊन म्हणाल्या, "या वेळी सूनबाईंनी लक्ष दिलेलं दिसतंय."

मामंजी नुसती मान हलवून मोकळे झाले असते, तरी चाललं असतं.

"लक्ष तिचं आधीही होतं, बाई," ते म्हणाले. "चूक माझी होती. बोल मात्र मी तिला लावला."

सूनबाई मागोमाग येऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. तिने ते ऐकलं, आणि मला फार फार बरं वाटलं.

मित्रांनो, पिकलेलं फळ दाबून पाहू नका, वास घेऊन पाहा. दाबलंच, तर ते तुम्हीच घरी न्या आणि त्याच दिवशी खाऊन टाका. गुपचूप परत माझ्यात ठेवाल, तर दोन दिवसांनी त्याच्यासाठी कुणीतरी दुसरंच बोलणी खाईल.